पाटी, पोळपाट आणि रमाबाई

वाचायचंय खूप, पण वेळ कुठाय? आपल्यातल्या बऱ्याच जणींची ही नेहमीची तक्रार. डबे, मुलांचे अभ्यास, आल्यागेल्याचं बघणं, त्यात सोसायटीची मीटिंग. पुस्तक बिचारं उशाशी तसंच. असं कुणी म्हणालं की मला हमखास रमाबाई रानडे आठवतात.

देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी. जन्म १८६२चा. माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवरा महादेव गोविंद रानडे, वय एकतीस, मोठा विद्वान, न्यायखात्यात. त्यांनी लग्नानंतर लगेच बायकोच्या हाती पाटी दिली. हे वाचायला किती छान वाटतं ना? पण खरी गंमत, म्हणजे खरा त्रास, पुढेच आहे.

रानड्यांचं घर माणसांनी भरलेलं. सासूबाई, नणंद, नात्यातल्या, आश्रयाला आलेल्या बायका. सुनेनं पुस्तक धरलं की टोमणे सुरू. रात्री नवऱ्याकडे धडा आणि दिवसभर माजघरात त्याचीच शिक्षा! इंग्रजी शिकवायला मडमबाई येऊ लागल्या, तेव्हा धडा झाला की आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही, असा दंडक आला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला. तिथं जायला लागल्यावर तर घरच्यांचा पारा आणखी चढला. पुढे मुलींच्या हायस्कूलसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी चक्क इंग्रजीतून निवेदन वाचलं. १८८४ मध्ये ती शाळा सुरू झाली, तीच आपली हुजूरपागा. सभेत टाळ्या पडल्या, घरी मात्र बोलणी खावी लागली.

रमाबाईंनी उलट उत्तरं दिली नाहीत, पण वाचन सोडलं नाही आणि घरचं कामही टाकलं नाही. पुढे कलकत्त्यात मुक्काम पडला, तर तिथं बंगालीही शिकून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. बाहेर सुधारणेवर बोलणारे रानडे घरातल्या वडीलधाऱ्यांना क्वचितच अडवत. सोसून घे, हाच सल्ला बायकोला. शिकवायची हौस त्यांची, पण किंमत मोजली रमाबाईंनी. तरी त्यांच्या आठवणी वाचताना नवऱ्याबद्दल कडवटपणा कुठे जाणवत नाही. हे प्रेम की त्या काळाची रीत? मला वाटतं, दोन्ही.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. साधारण वर्षभर त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. मग मात्र त्या बाहेर पडल्या त्या पडल्याच. तुरुंगातल्या बायकांना जाऊन भेटू लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला होते. संसारी बायका, विधवा, शिकायचं राहून गेलेल्या मोठ्या वयाच्या बायका, सगळ्यांसाठी तिथं वर्ग. शिवण होतं, शिक्षिका होण्याचं शिक्षण होतं, नर्सिंगही होतं. विधवांनी इस्पितळात जाऊन परक्या माणसांची सेवा करायची, हे तेव्हा किती जणांना रुचलं असेल? पण त्या मागे हटल्या नाहीत. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं पुस्तकही आलं. १९२४ मध्ये त्या गेल्या, पण सेवासदन चालत राहिलं.

२०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ या मालिकेनं त्यांना घराघरात पोचवलं. मालिकेत लहानगी रमा गोड वाटते. पण मला जास्त जवळची वाटते ती नंतरची रमाबाई. जो वेळ आपल्याला चोरून, टोमणे खाऊन मिळवावा लागला, तोच त्यांनी शेकडो जणींना उघडपणे, हक्कानं मिळवून दिला.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या सुनेनं, मुलीनं, कामाला येणाऱ्या मावशींनी दुपारी अर्धा तास पुस्तक धरलं, तर तेवढा वेळ त्यांना कुणी हाक मारणार नाही, एवढं तरी आपण बघूया. आणि तोच अर्धा तास स्वतःसाठीही मागून घेऊया. आता त्यासाठी आंघोळ करावी लागत नाही!