नांगर विकणारे कर्मवीर

गेल्या खेपेस आपल्या मंडळाच्या वधू-वर परिचय मेळाव्यासाठी आलेले अर्ज तपासून यादी करण्याचे काम कार्यकारिणीने मजकडे सोपविले होते. आयुष्यभर शाळेत हजेरीपट लिहिलेल्या हातास हे काम काही जड नव्हे. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. नोकरी-व्यवसायाच्या रकान्यात कित्येक मुलांनी नुसते ‘खाजगी’ किंवा ‘कंपनीत’ एवढेच लिहिले होते. चौकशी करता समजले की, कोणी चाकणच्या गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करतो, कोणी भोसरीस ठेकेदाराकडे यंत्रावर उभा असतो, तर कोणी रात्री पहारा करून दिवसा परीक्षेचा अभ्यास करतो. एका मुलाच्या वडिलांनी तर घरी येऊन विनंती केली की, गुरुजी, मुलाचे शिक्षण तेवढे छापा, नोकरी छापू नका. ते सज्जन गृहस्थ निघून गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. त्यांचा मुलगा रात्रपाळी करून पदविकेचा अभ्यास करीत होता. जी गोष्ट प्रथम छापावयास हवी, तीच झाकून ठेवण्याची वेळ त्या पित्यावर यावी, हा दोष मुलाचा खचित नव्हे. तो आपणां सर्वांच्या दृष्टीचा आहे.

त्या दिवसापासून कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या स्मरणिकेत यावे, असे माझ्या मनाने घेतले. शिक्षणसंस्थेचे जनक म्हणून भाऊरावांस सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु त्या कार्याआधी आणि त्या कार्याच्या प्रारंभीच्या वर्षांत ते पोटासाठी काय करीत होते, हे आपल्या तरुणांस फारसे ठाऊक नसते. ते नांगर विकीत होते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन, शेतकरी; मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते आणि मातोश्रींचे नाव गंगाबाई होते. शिक्षणासाठी त्यांस कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घातले व जैन वसतिगृहात ठेवले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास हा विद्यार्थी गेला आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला. परिणामी वसतिगृहातून त्याची हकालपट्टी झाली. पुढे छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला. राजाचे औदार्य व समतेची दृष्टी जवळून पाहावयास मिळाली. परंतु अभ्यासात मात्र गती बेताचीच राहिली. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी सरकली नाही. ज्यांच्या संस्थेतून पुढे हजारो पदवीधर बाहेर पडले, ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते, ही गोष्ट माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या शिक्षकास फार धीर देणारी आहे.

शिक्षण सुटले, लग्न झाले, आणि कर्ता मुलगा काही कमावीत नाही म्हणून घरात कुरबूर सुरू झाली. आज ज्या घरात मुलगा पदवी घेऊन बसलेला आहे, त्या घरातील वातावरण वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे अधिक सांगावयास नको. भाऊराव साताऱ्यास आले व त्यांनी खाजगी शिकवण्या धरल्या. मॅट्रिक न झालेल्या माणसाने घरोघर जाऊन मुलांस शिकवावे, यात प्रतिष्ठा ती कसली! पण मुले शिकू लागली आणि लोक त्यांस पाटील मास्तर म्हणू लागले. याच सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्याच्या कामात त्यांनी हात घातला. पुढील कार्याचे बी येथेच पडले.

१९१४ च्या सुमारास त्यांच्यावर एक दारुण प्रसंग आला. कोल्हापुरातील राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण गाजत होते. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले, त्यांचा छळ झाला. हेच लठ्ठे जैन वसतिगृहाचे चालक होते आणि त्यांच्याच कारकीर्दीत भाऊरावांस बाहेर जावे लागले होते. सूड उगविण्याची अशी संधी चालून आली असता ती त्यांनी नाकारली. खोटी साक्ष दिली नाही ती नाहीच. अंगावर खाल्ले, जिवावर बेतले, पण शब्द फिरविला नाही.

या प्रसंगातून बाहेर पडलेल्या तरुणापाशी पदवी नव्हती, भांडवल नव्हते, आणि संसार तर होता. तेव्हा त्यांनी फिरत्या विक्रेत्याची नोकरी पत्करली. किर्लोस्करवाडीस लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला होता; तेथील लोखंडी नांगर त्यांनी गावोगाव फिरून विकले. ओगले बंधूंच्या काच कारखान्याच्या मालाची विक्रीही त्यांनी केली. पुढे सातारारोड येथील कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला.

फिरत्या विक्रेत्याचे काम किती रुक्ष असते, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. घर सुटते, जेवणाची वेळ नसते, दारात उभे राहून नकार ऐकावा लागतो आणि तोंडावरचे हसू ढळू द्यावयाचे नसते. त्यातून लोखंडी नांगर ही त्या काळी नवलाची वस्तू होती. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. त्यांस समजावून, प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखवून मग तो विकावा लागे. पाटलाच्या मुलाने दारोदार माल विकावा, याबद्दल नातलगांत काय बोलले गेले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

परंतु येथेच भाऊरावांचे वेगळेपण दिसते. नोकरी त्यांच्या पोटाची होती, पण डोळे त्यांचे स्वतःचे होते. नांगर विकावयास म्हणून ते ज्या गावी जात, तेथील शेतकऱ्याची मुले शाळेत का जात नाहीत, हे ते पाहत असत. कर्जाचा कागद वाचता येत नाही म्हणून जमीन जाते. शाळा दूर आणि शहरात राहण्याची सोय नाही म्हणून हुशार पोर गुरांमागे राहते. हे सारे त्यांनी पुस्तकात वाचले नाही, वाटेवर पाहिले. नावडत्या नोकरीने त्यांस पगार दिला, आणि पगाराहून मोलाची अशी खेड्यापाड्यांची ओळखही दिली. पुढे वर्गणी मागावयास आणि धान्य गोळा करावयास ते ज्या गावांत गेले, तेथे हा माणूस परका राहिला नव्हता.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्था निघाली म्हणून त्यांनी लगेच पोटाचा उद्योग टाकून दिला नाही. उद्योग आणि कार्य ही दोन्ही काही वर्षे बरोबरीने चालली. कूपर यांच्या कारखान्याच्या उत्पन्नातून शिक्षणास पैसा मिळावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी होत नाही असे दिसताच ते तेथून बाहेर पडले. नोकरी केव्हा धरावी हे जसे कळावे लागते, तसे ती कोणत्या कारणासाठी धरली होती याचे विस्मरण होऊ न देता केव्हा सोडावी, हेही कळावे लागते.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथे निघालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पण त्या पंक्तीस वाढण्यासाठी धान्य कोठून येत होते? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकामागून एक अंगावरचे दागिने मोडावयास दिले, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. मुलांस मातेची माया देणारी ही साध्वी १९३० मध्ये निवर्तली. संस्थेचा पुढचा वटवृक्ष तिने पाहिला नाही. पुरुषाच्या धडपडीचे मोल पुष्कळदा घरातील स्त्री चुकते करते, आणि चरित्रात तिच्या वाट्यास दोन ओळी येतात. आपल्या भगिनींनी हे वाचताना मनात काय म्हटले असेल, ते मी जाणतो.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९३५ मध्ये साताऱ्यास शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडास सद्गुरु गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले. या संस्थांतून ‘कमवा व शिका’ ही पद्धत रुजली. गरीब विद्यार्थ्याने शेतात खपावे, बांधकामावर दगडमाती वाहावी, आणि त्या श्रमावर आपले शिक्षण पुरे करावे. भाऊरावांच्या या वसतिगृहातून आलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्वतः नांगर विकून कार्य उभारणाऱ्या माणसाने श्रमाला शाळेच्या बाहेर ठेवले नाही. त्यास वर्गात मानाची जागा दिली. फुकट शिक्षण घेतल्याची लाचारी मुलाच्या मनात राहू नये, हा त्यातील मर्म.

१९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या पुरुषास डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. आज आपल्या पिंपरीतही रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे, आणि पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

भाऊराव आपल्या ज्ञातीचे नव्हते, मग ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, आपल्यातील बहुतेक घरे सातारा, सांगली, सोलापूरकडील खेड्यांतून या पट्ट्यात आली. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली आणि त्यामागून कारखान्यांची रांग लागली, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनीही मिळेल ते काम धरले होते. त्यांतील कित्येकांस पहिले अक्षर रयतच्या शाळेत मिळाले. हे ऋण ज्ञातीच्या हिशेबात बसत नाही.

आता तरुणांस दोन शब्द. हलके काम केल्याने मनुष्य आपोआप मोठा होतो, असे मी म्हणत नाही. तसे असते तर ठेकेदाराकडे वीस वर्षे राबलेला प्रत्येक जण कर्मवीर झाला असता. अपुरा पगार आणि बारा तासांची पाळी यांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. परंतु पाळी सुटल्यावर उरलेला एक तास कोणत्या कामी लागतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. तो तास ज्याने राखला, त्याची नोकरी ही वाटेवरची धर्मशाळा होय. ज्याने तो गमावला, त्याचे तेच घर झाले.

आणि पालकांस, विशेषतः मुलींच्या पालकांस, एक विनंती. मुलगा आज काय काम करतो, हे जरूर विचारावे. पण तो त्यासोबत काय शिकत आहे, हेही विचारावे. येत्या मेळाव्याच्या अर्जात हा दुसरा रकाना घालावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. ती मान्य झाली, तर त्या रात्रपाळीवाल्या मुलाच्या वडिलांस मजकडे पुन्हा यावे लागणार नाही. आले तर चहास यावे.