थकलेला उजवा हात



३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण. पॅरिसला तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस १५४२ साली गोव्यात आला. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर कोळीबांधवांना बाप्तिस्मा देता देता त्यांचे हात भरून येत. विद्यापीठांत जाऊन वेड्यासारखे ओरडावे, एवढी विद्या असून इकडे यायला कुणी कसे नाही, असे त्यांनी तिथून पत्रात कळवले. (तत्त्वज्ञान शिकलेल्या मला हे पत्र टोचते!)

१५५२ साली चीनच्या दाराशी, सान्शियन बेटावर, ते वारले. जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. चीन गाठणे राहूनच गेले.

१५५४ साली त्यांचा देह गोव्यात आणला. १६१४ साली उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला नेला. तो तेथील जेजू चर्चमध्ये आहे. बॉम जेजूतील चांदीची पेटी गोव्यातच घडली, तिच्याखालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सच्या फोजिनीचा. २०२४-२५च्या दर्शनसोहळ्याला आपल्यापैकीही काहीजण गेला असाल.

विद्वानांना बोल लावणाऱ्या ह्या संताच्या नावाने मुंबईत १८६९पासून कॉलेज आहे. तिथे ते पत्र मुलांना कुणी वाचून दाखवते का?