पूना हॉर्सचे तारापोर

तारापूर म्हटले की डोंबिवली-कल्याणच्या वाचकाला आठवतात ते अणुवीज केंद्र आणि आपल्याकडच्यासारखीच एमआयडीसी. डोंबिवलीहून दिवा-वसई मार्गाने बोईसर गाठले की तारापूर फार दूर राहत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर हे गाव आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. मात्र या किनारपट्टीच्या गावाचे नाव भारतीय लष्कराच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. ते कारण म्हणजे परमवीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोर्जी तारापोर.

तारापोर घराण्यात पिढ्यानपिढ्या एक परंपरा सांगितली जाते. त्यांचे पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सैन्यात अधिकारी होते. त्यांच्या कामगिरीबद्दल त्यांना शंभर गावे इनाम मिळाली. त्यांतील मुख्य गाव तारापूर, आणि त्यावरूनच घराण्याचे आडनाव पडले. अशा घराण्यात अर्देशीर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. जवळची माणसे त्यांना आदी म्हणत. सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. १९४० साली तेथूनच ते मॅट्रिक झाले.

सैन्यात जायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या फौजेत त्यांची निवड झाली आणि १९४२ मध्ये ते सातव्या हैदराबाद इन्फन्ट्रीत अधिकारी म्हणून रुजू झाले. परंतु पायदळात त्यांचे मन रमेना. त्यांना घोडदळात जायचे होते. ती संधी एका अपघाताने आली. हातबॉम्ब फेकण्याच्या सरावात एका नवशिक्या जवानाच्या हातून बॉम्ब जवळच पडला. आदींनी झेप घेऊन तो उचलला आणि दूर भिरकावला. बॉम्ब फुटला, त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले, पण जवानांचे प्राण वाचले. फौजेचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस हे सारे पाहत होते. त्यांनी शाबासकी देण्यासाठी बोलावले, तेव्हा आदींनी घोडदळात बदलीची विनंती केली. ती मान्य होऊन ते पहिल्या हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटसह त्यांनी पश्चिम आशियात सेवा बजावली.

घोडदळाचा अर्थ बदलण्याचा तो काळ होता. जर्मनीचेच उदाहरण घ्यावे. महायुद्धाच्या आरंभी जर्मन सैन्यात घोडेस्वारांचा एक लढाऊ विभाग शिल्लक होता. पहिली कॅव्हलरी डिव्हिजन म्हणून तो १९४० साली हॉलंड आणि फ्रान्समध्ये लढला, १९४१ साली रशियात उतरला. त्यानंतर घोडे काढून घेऊन त्याची चोविसावी पॅन्झर, म्हणजे रणगाडा डिव्हिजन करण्यात आली. तिच्या सैनिकांनी गणवेशावरील घोडदळाची सोनेरी पिवळी किनार मात्र अभिमानाने जपली. १९४३ च्या आरंभी स्टालिनग्राडच्या वेढ्यात ही डिव्हिजन नष्ट झाली आणि पुढे तिची नव्याने उभारणी करावी लागली.

भारतातही हेच स्थित्यंतर घडले. घोडे गेले, रणगाडे आले. पण सवार, दफेदार, रिसालदार ही जुनी पदनामे राहिली आणि रेजिमेंटच्या नावातला हॉर्सही राहिला. अशीच एक रेजिमेंट म्हणजे पूना हॉर्स. १८१७ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांशी झालेल्या तहातून तिचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, तिचे स्वार फ्रान्समध्ये घोड्यांवरून उतरून जर्मनांविरुद्ध खंदकांत लढले. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय चिलखती दलाचा भाग झाली. नावात पुणे असले तरी तिचे जवान मुख्यत्वे उत्तर भारतातले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, संस्थानी फौजा विसर्जित झाल्या आणि तारापोर भारतीय सैन्यात आले. १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये रुजू झाले. शिवकालीन इनामाची आठवण जपणाऱ्या घराण्याचा मुलगा अशा रीतीने पेशवाईच्या अखेरीस जन्मलेल्या रेजिमेंटमध्ये आला. सेंच्युरियन रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी त्यांना ब्रिटनला पाठविण्यात आले. १९६५ साली युद्ध पेटले तेव्हा या रेजिमेंटचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

सप्टेंबर १९६५ मध्ये भारताच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने सियालकोट क्षेत्रात धडक मारली. या भागात झालेल्या लढायांची गणना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोठ्या रणगाडा युद्धांत केली जाते. पाकिस्तानकडे अमेरिकेकडून मिळालेले पॅटन रणगाडे होते. भारताचे सेंच्युरियन जुन्या घडणीचे होते. लक्ष्य होते चविंडा, आणि तेथे पोहोचण्यासाठी आधी फिलोरा घेणे आवश्यक होते. ही मुख्य जबाबदारी पूना हॉर्सवर आली.

११ सप्टेंबरला रेजिमेंट फिलोराच्या दिशेने सरकत असताना वझीरअलीच्या बाजूने शत्रूचे रणगाडे चालून आले. तारापोर यांनी जागा सोडली नाही. हल्ला थोपवून धरत, रणगाड्यांचा आणि तोफांचा सतत मारा होत असताना त्यांनी एका स्क्वाड्रनसह पायदळाच्या साथीने फिलोरावर चाल केली. या लढाईत ते जखमी झाले. त्यांना मागे, रुग्णालयात नेण्याची तयारी होती. त्यांनी नकार दिला आणि जखमेवर पट्टी बांधून ते पुन्हा रणगाड्यावर चढले.

त्या नकाराचे मोल समजून घ्यायला हवे. रणगाड्याचे झाकण लावून घेतले की आतला माणूस सुरक्षित होतो, पण त्याची नजर आखडते. झाकण उघडे ठेवून कमरेपर्यंत बाहेर उभे राहिल्यास रणांगण दिसते, पण गोळ्यांपासून आडोसा उरत नाही. तारापोर यांची रीत दुसरी होती. बेचाळीस वर्षांचा, जखमी कमांडर सर्वांत पुढे उघड्यावर उभा आहे, हे मागच्या प्रत्येक रणगाड्यातील सवाराला दिसत होते. लढाईच्या धुरळ्यात दिलेल्या कोणत्याही हुकुमापेक्षा या दृश्याचा परिणाम मोठा होता.

१४ सप्टेंबरला त्यांनी वझीरअली घेतले. १६ सप्टेंबरला रेजिमेंट जस्सोरां आणि बुतूर डोगरांडी या गावांवर चालून गेली. तारापोर यांच्या रणगाड्याचे नाव होते खुशाब. १८५७ सालच्या इराण मोहिमेत पूना हॉर्सने ज्या रणभूमीवर कीर्ती मिळवली होती, तिचे हे नाव. त्या दिवशी खुशाबवर अनेकदा गोळे आदळले, तरी चविंड्यावर मागून चाल करणाऱ्या पायदळाला आधार देत तारापोर आपल्या जागी टिकून राहिले. याच झुंजीत आठव्या गढवाल रायफल्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल झिराद धारातीर्थी पडले. ते कोकणाशी जुने नाते असलेल्या बेने इस्रायली समाजातले होते. त्याच दिवशी तारापोर यांच्यावरही गोळा आला आणि त्यांना वीरमरण प्राप्त झाले. कमांडर गेल्यावरही रेजिमेंट विस्कळीत झाली नाही. या सहा दिवसांत पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले, अशी नोंद त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे.

मृत्यूची शक्यता त्यांनी गृहीत धरली होती. लढाईपूर्वी त्यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना सारे समजावून ठेवले होते. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, गळ्यातील साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडे आणि पेन मुलाला. आणि अंत्यसंस्कार रणभूमीवरच अग्नी देऊन करावेत. पारशी धर्मात अग्नी पवित्र. मृतदेह अग्नीला देण्याची रीत नाही, तो दोखम्यात ठेवतात. त्यामुळे ही इच्छा साधी नव्हती. आयुष्यभर ज्या सवारांबरोबर राहिले, त्यांच्यातलाच एक म्हणून त्यांनी शेवटचा निरोप घ्यायचे ठरवले होते. सहकाऱ्यांनी ती इच्छा पूर्ण केली.

चविंडा अखेरपर्यंत भारताच्या हाती आले नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर जिंकलेला प्रदेश परत देण्यात आला. फिलोरा आणि वझीरअली आज पाकिस्तानात आहेत. नकाशावर या लढाईची खूण उरली नाही. ती उरली रेजिमेंटमध्ये. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढ क्षेत्रातील बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या एका २१ वर्षांच्या अधिकाऱ्याचा रणगाडा पेटला. मागे फिरण्याची सूचना त्याने मानली नाही आणि अखेरपर्यंत तोफ चालू ठेवली. पुण्यात जन्मलेल्या त्या सेकंड लेफ्टनंटचे नाव अरुण खेत्रपाल. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आपल्या जखमी कमांडरने मागे जायला दिलेला नकार या रेजिमेंटने विसरू दिला नव्हता.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली. त्यांत एक बेट तारापोर यांच्या नावाचे आहे. पालघरच्या किनाऱ्यावरील एका गावाने एका घराण्याला नाव दिले होते. त्या घराण्यातील एका सैनिकामुळे ते नाव आता दूरच्या समुद्रातील एका बेटालाही लाभले आहे. बोईसरच्या गाडीत बसताना आपण डोंबिवलीकरांनी एवढे तरी आठवावे.