नाकारलेले शिक्षण : हरिलाल गांधी
अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकामुळे मराठी रसिकास परिचित झालेला हरिलाल गांधीचरित्रांतून मात्र बहुधा तळटीपेपुरताच येतो. मोहनदास गांधींचा हा ज्येष्ठ पुत्र १८८८ मध्ये जन्मला. त्याच वर्षी वडील बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. पुढे नेमके तेच शिक्षण मुलास नाकारले गेले. १९०६ मध्ये वडिलांच्या इच्छेविरुद्ध त्याने गुलाबशी विवाह केला. तरीही दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात १९०८ पासून त्याने वारंवार कारावास सोसला आणि लोक त्यास छोटे गांधी म्हणू लागले. प्राणजीवन मेहतांनी देऊ केलेली विलायतेची शिष्यवृत्ती गांधींनी प्रथम पुतण्या छगनलाल यास दिली. तो परतल्यावर सोराबजी अडाजनियांस. सार्वजनिक निःस्पृहतेचा हा दंडक न्याय्य असेलही. झळ मात्र मुलाला लागली. १९११ मध्ये त्याने पित्याची साथ सोडली. अहमदाबादेस मॅट्रिक साधली नाही. १९१५ मध्ये वडिलांना उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र त्याने छापून घेतले. मुलांच्या शिक्षणाचा निर्णय मुलांना न विचारता झाला, हे त्यातील मुख्य गाऱ्हाणे होते.

१९१८ च्या साथीत गुलाब गेली, मद्यासक्ती बळावली. १९३६ मध्ये धर्मांतर आणि त्याच वर्षी परतणे, दोन्ही घडले. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये मरणासन्न कस्तुरबांसमोर तो मद्यधुंद अवस्थेत उभा राहिला. गांधीहत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जून १९४८ रोजी, मुंबईच्या एका रुग्णालयात क्षयाने त्याचा अंत झाला.