संख्यांमधील फट बुजविणारे डेडेकिंट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका जर्मन गणित्याचे चरित्र कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण ज्या कोड्याने रिखार्ट डेडेकिंट यांची झोप उडविली, ते पनवेलीत दारोदारी रांगोळीच्या चौकात पडलेले असते. चौकाची बाजू एक हात धरली, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ किती हात? आपल्या शुल्बसूत्रांचे उत्तर आहे ५७७/४०८. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९; आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. अवघ्या एकाचा फरक! पण कोणताही अपूर्णांक घ्या, थोडा फरक राहतोच.

डेडेकिंट यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८३१ रोजी ब्राउनश्वाइक येथे झाला. वडील प्राध्यापक, चार भावंडांत हे धाकटे. १८५२ साली गटिंगेन येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. थोर गणिती गौस यांचे ते शेवटचे शिष्य होत. १८५८ साली झुरिचच्या तंत्रविद्यालयात कलनशास्त्र शिकविताना त्यांच्या मनाला एक गोष्ट बोचू लागली. वाढत जाणारी पण मर्यादा न ओलांडणारी राशी कोठेतरी टेकणारच, हे ते फळ्यावर रेघ ओढून विद्यार्थ्यांच्या गळी उतरवीत होते. रेघ अखंड दिसते खरी, पण संख्याही अखंड आहेत हे कशावरून?

२४ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांना वाट सापडली. धन अपूर्णांकांचे दोन गट करावयाचे : ज्यांचा वर्ग दोनाहून कमी ते डावीकडे, ज्यांचा जास्त ते उजवीकडे. डावीकडे सर्वांत मोठा कोणी नाही, उजवीकडे सर्वांत लहान कोणी नाही; मध्ये नुसती फट. डेडेकिंट यांनी त्या विभागणीलाच, म्हणजे त्या कापालाच, संख्या मानले. डाव्या गटाच्या डोक्यावर सर्वांत ठेंगणे असे जे छप्पर हवे होते, ते मिळाले. खरी मौज पुढेच आहे. ज्या गटांना आधीच छप्पर होते, उदाहरणार्थ अर्ध्याहून लहान अपूर्णांकांना अर्धा, त्यांचे छप्पर तेच राहिले. बेरीज-गुणाकाराचे नियमही मोडले नाहीत. नवी सून घरात आली, पण कोणाचा पाट हलला नाही!

हे त्यांनी चौदा वर्षे छापले नाही. १८७२ साली वडिलांच्या सेवेस पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने ती पुस्तिका निघाली. म्हणजे तीही एका वर्धापनाचीच.

१८६२ पासून ते जन्मगावीच शिकवीत राहिले. लग्न केले नाही. कादंबरीकार बहीण यूलिए १९१४ साली वारल्या, तोपर्यंत भावंडे एकत्र राहिली. १८८८ सालचा संख्यांवरील ग्रंथ त्यांनी या बहिणीला व भावाला अर्पण केला. बहिणीला गणिताचा ग्रंथ अर्पण करणारे विद्वान फार आढळत नाहीत. एका पंचांगवजा पुस्तकात त्यांचा मृत्यू ४ सप्टेंबर १८९९ रोजी झाल्याचे छापून आले, तेव्हा त्यांनी संपादकांना कळविले की दिवस कदाचित बरोबर असेल, साल मात्र खात्रीने चूक आहे. तो दिवस आपण मित्र कांटोर यांच्याशी गप्पांत घालविला.

१२ फेब्रुवारी १९१६ रोजी ते खरोखरच गेले. १९३७ साली मॅकनील या अमेरिकन गणित्याने तीच युक्ती संख्यांबाहेर नेली. जेथे प्रत्येक दोघांत लहान-मोठे ठरत नाही, अशा रचनेतल्याही फटी त्याने बुजविल्या, आणि तेथेही जुनी छपरे जागची हलली नाहीत.