सातासमुद्रापलीकडे गेलेला सोलापूरचा डॉक्टर



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा प्रत्येकीने काही ना काही लिहावे असे ठरले आणि चिटणीसबाईंनी यादीत माझेही नाव घातले. मी सातवी शिकलेली. माझे लिहिणे वाण्याच्या हिशेबापुरते. तरी एका गोष्टीचे ओझे गेले वर्षभर मनावर आहे. ते उतरवावे म्हणून डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची हकीकत लिहायला बसले आहे.

ओझे असे. गेल्या वर्षी आपल्या सभेत एक विषय निघाला होता. परदेशातल्या लढाईत जखमी झालेल्यांसाठी औषधे व डॉक्टर पाठवणाऱ्या एका पथकाला आपल्या शिलकेतून काही रक्कम द्यावी, असा तो विषय. त्याला विरोध करण्यात मी पहिली होते. आपल्याच गावची बाळंतीण अडली तर रात्री-अपरात्री तिला घेऊन तालुक्याला धावावे लागते. मग पापड-मिरगुंडे विकून जमवलेला पैसा ज्यांचे नावगावही ठाऊक नाही त्यांना का द्यावा, असे माझे म्हणणे. ते बहुतेकींना पटले आणि विषय बारगळला. पुढे दिवाळीच्या सुटीत माझ्या मुलीने वाचनालयातून डॉक्टर कोटणिसांवरचे पुस्तक आणले. दुपारी कामे आटोपल्यावर मी ते वाचले आणि माझेच बोलणे मला टोचू लागले.

द्वारकानाथांचा जन्म सोलापूरला १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. वडिलांचे नाव शांताराम. घर बेताच्या मिळकतीचे आणि भावंडे पुष्कळ. अशा घरात एक मुलगा डॉक्टर होणे म्हणजे सगळ्या घराने पोटाला चिमटा घेणे. ते मुंबईला शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकले आणि डॉक्टर झाले. पुढच्या परीक्षेची तयारी चालली होती. आता मुलगा दवाखाना थाटील, घराला हातभार लावील, बहिणींची लग्ने मार्गी लागतील, असेच कुठल्याही आईबापांच्या मनात येणार.

त्या सुमारास, १९३७ साली, जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. गावेच्या गावे बेचिराख झाली. जखमींची गणती नाही आणि डॉक्टर मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे यांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले आणि जुलैच्या ७, ८ व ९ या तारखांना चीनसाठी ठिकठिकाणी निधी गोळा करण्यात आला. त्यातून बावीस हजार रुपये जमले. एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टर पाठवण्याची सोय झाली.

भगिनींनो, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. १९३८ सालचा आपला देश कसा होता? परक्यांच्या राज्यात होता. गावोगाव दवाखाने नव्हते. देवी, पटकी, हिवताप यांनी माणसे मरत होती. आधी आपले पाहावे, असे म्हणायला त्या लोकांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कारण होते. तरी त्यांनी दिले. ज्यांनी ते पैसे डब्यात टाकले, त्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. पण ती माणसे नसती तर डॉक्टर कोटणीस मुंबईतच राहिले असते.

पथकात पाच जण होते. प्रमुख डॉक्टर मदन अटल हे स्पेनच्या लढाईतही सेवा करून आले होते. नागपूरचे डॉक्टर चोळकर वयाने वडील होते. कलकत्त्याहून डॉक्टर बसू आणि डॉक्टर मुखर्जी आले. पाचवे आपले कोटणीस, वय वर्षे २७. जाण्यासाठी त्यांनी घरी परवानगी मागितली. वडिलांनी उत्तेजन दिले. आईला मात्र फार दुःख झाले. चीन म्हणजे काय, ते त्या घरात कोणाला ठाऊक असणार? रेशमी कापडाचे गठ्ठे पाठीवर घेऊन दारोदार हिंडणारे चिनी फेरीवाले, एवढीच काय ती ओळख. त्या माउलीच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहावे. आपला मुलगा नोकरीसाठी आखातात निघाला तरी आपल्या घशाखाली घास उतरत नाही. हा तर लढाईत चालला होता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या आगबोटीने पथक मुंबईहून निघाले. भाद्रपदातले गणपतीचे दिवस होते. मुंबईचे बंदर सोडून दक्षिणेकडे वळणारी बोट आपल्याच किनाऱ्यासमोरून जाते. खांदेरीचा दिवा मागे पडतो, मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आपल्याकडे आरत्या चालल्या असतील आणि समोरच्या पाण्यातून ही पाच माणसे चालली असतील. कोणाला त्याचा पत्ताही नसेल.

चीनमध्ये ते प्रथम कँटनला उतरले, तिथून हँकोला गेले. लढाई मागे मागे येत होती तसे त्यांनाही मुक्काम हलवावा लागत होता. चीनमध्ये जाऊन काही महिने होतात न होतात तोच वडील वारल्याची बातमी कोटणिसांना कळली. परत फिरायला एवढे कारण पुरेसे होते. पण ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कोटणीस उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, अगदी लढाईच्या तोंडावर गेले.

तिथले दवाखाने म्हणजे शेतकऱ्यांची घरे आणि देवळे. नाकेबंदीमुळे औषधे पोचत नसत. जखमांच्या पट्ट्या धुवायच्या, उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. त्याच मुलखात कॅनडाचे डॉक्टर बेथून काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, विष अंगात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. आपण विळीवर बोट कापले तर हळद लावून पुढच्या कामाला लागतो. तिथे तेवढ्याने प्राण गेला.

बेथून यांचे काम कोटणिसांनी पुढे चालवले. १९४० सालच्या एका लढाईत ते तीन दिवस आणि तीन रात्री डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया करीत होते. त्या लढाईत आठशेंहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. १९४१ साली बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. ते चिनी बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. चिनी विद्यार्थ्यांना शिकवले. लोक त्यांना चिनी नावाने ओळखू लागले.

तिथेच क्वो चिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या बाईंशी त्यांची ओळख झाली आणि १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते. अतिश्रमाने शरीर पोखरलेले, त्यात फेफऱ्याचे झटके येत होते. अशाच एकामागून एक आलेल्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर कोटणीस गेले. वय अवघे ३२. पाचांपैकी चौघे पुढे मायदेशी आले, हे एकटे तिथल्याच मातीत राहिले. आज त्यांची समाधी चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात आहे. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. २०१२ साली सोलापूरच्या त्यांच्या घरात स्मारकही झाले.

चिंगलानबाईंच्या वाट्याला पुढे आणखी एक घाव आला. मुलगा वडिलांसारखाच वैद्यकीचे शिक्षण घेत होता. तोही १९६७ साली गेला. सासरच्या माणसांना भेटायला त्या हिंदुस्थानात येत राहिल्या. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी हे नाते तुटले नाही. २०१२ साली वयाच्या नव्वदीनंतर त्यांनी देह ठेवला. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या आईचे आणि बायकोचे दुःख आपण एका ओळीत संपवतो. मीही तसेच केले आहे. माझ्या लेखणीला त्याहून जास्त पेलले नाही.

आता माझ्या ओझ्याविषयी. माझे सगळेच म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. आपल्या गावची अडलेली बाळंतीण आजही तालुक्यालाच न्यावी लागते आणि तिच्यासाठी राखून ठेवलेला पैसा हलवू नये. पण हे किंवा ते, असे दोनच मार्ग आहेत असे मी सभेत बोलले, ते चुकले. बावीस हजार एकट्यादुकट्याने दिले नव्हते. घरचे भागवून ज्याला जेवढे जमले तेवढे त्याने दिले असेल. आपण सगळ्याच काही कोटणीस होऊ शकत नाही. घर, मुले, म्हातारी माणसे सोडून आपल्याला बोटीत चढता येत नाही. पण जो चढतो त्याच्या पेटीत चार पट्ट्या आपल्या असाव्यात, एवढे तर आपल्या हातात आहे.

म्हणून येत्या सभेत तोच विषय मी स्वतः मांडणार आहे. मंडळाच्या शिलकेला हात न लावता ज्या बहिणीला जमेल तिने तिच्या खुशीने द्यावे, असा माझा ठराव राहील. गेल्या उन्हाळ्यातल्या पापडांचे माझ्या वाटणीचे पैसे मी तसेच बाजूला ठेवले आहेत. अनुमोदनाला कोणी उभी राहिली तर बरे वाटेल. कोणी विरोध केला तरी मला राग येणार नाही. गेल्या वर्षी तोच मी केला होता.

लिहिण्यात चूकभूल झाली असेल तर पदरात घ्यावी.