फॉलिक अ‍ॅसिडची दुसरी बाजू : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

बालकांच्या रक्तकर्करोगावर आजही दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा उगम ज्यांच्या प्रयोगशाळेत झाला, त्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. त्यांच्या तरुणपणीच स्प्रू या आतड्याच्या विकाराने घरातील भावांचा बळी घेतला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात असताना खादीचा अंगरखा घालून ते शस्त्रक्रियागृहात गेले आणि प्राध्यापकांची इतराजी ओढवून बसले. एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कनिष्ठ पदवी पदरी पडली.

१९२०च्या दशकाच्या प्रारंभी पत्नीला मागे ठेवून ते बोस्टनला गेले. मायदेशी परतणे पुढे घडले नाही. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करून त्यांनी शिक्षण पूर्ण केले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह स्नायूंतील ऊर्जेविषयी मूलभूत संशोधन केले, तरी तेथे कायम पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथे १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडचे संश्लेषण साधले. भावांचा घास घेणाऱ्या स्प्रूवर ते गुणकारी ठरले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना मात्र रक्तकर्करोगग्रस्त मुलांत त्याचा विपरीत परिणाम दिसला : रोग उलट फोफावल्यासारखा वाटला. मग पेशींना याच जीवनसत्त्वापासून वंचित ठेवले तर? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक अ‍ॅसिडची नक्कल करून त्याचेच कार्य रोखणारे अ‍ॅमिनोप्टेरिन तयार केले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ बालकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक जण मरणासन्न होते. १० जणांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण तोवर हाती काहीच नव्हते. त्या लेखाच्या लेखकांत सुब्बाराव यांचे नाव नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी झोपेतच त्यांचे निधन झाले.

अ‍ॅमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट पुढे उपचारात रुळले. मूळचा दुसरा आजार असलेल्या मुलांत ते जपून द्यावे लागते. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने ते दुर्बल असेल तर विषबाधा संभवते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांनाही त्याचे दुष्परिणाम अधिक बाधतात. मात्रा मोठी असेल तेव्हा निरोगी पेशी वाचवण्यासाठी नंतर फॉलिनिक अ‍ॅसिड, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाचे एक रूप, दिले जाते.